महिला जलतरणात ट्रान्स खेळाडू: औषधांची अट की यौवनाची?

अमेरिकेतल्या विद्यापीठ स्पर्धांत वर्षभर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटवणारे उपचार घेतले की ट्रान्स महिलांना, म्हणजे जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या महिलांना, महिला गट खुला व्हायचा. त्याच वाटेने ट्रान्स जलतरणपटू लिया थॉमस मार्च 2022 मध्ये 500 यार्ड फ्रीस्टाइल जिंकली. जूनमध्ये जागतिक जलतरण महासंघाने दुसरी अट घातली: पुरुषी यौवन साधारण बाराव्या वर्षापुढे गेलेलं नसावं.

स्पर्धेच्या न्यायाने मला ही दुसरी अट पटते. औषधांनी स्नायू थोडे उतरतात. उंची, हातांची लांबी, पंजे तसेच राहतात, आणि टर्नला भिंतीवरून रेटा घेताना हीच उंची कामी येते. पण इतक्या लहान वयात यौवन रोखणारे उपचार किती जणींना मिळतात? बहुतेकींना दार बंदच. 2023 च्या बर्लिन विश्वचषकात कुणालाही उतरता येईल असा वेगळा खुला गट ठेवला, तर एकही प्रवेशिका आली नाही. एकटीने वेगळ्या रांगेत उभं राहायला कोण धजावेल?