सहा इंची कॉइल आणि सफकची धसकटं: मेटल डिटेक्टरचा आठ महिन्यांचा अनुभव

मिनेलॅबचा इक्विनॉक्स ८०० हा मेटल डिटेक्टर मी गेल्या ऑगस्टच्या शेवटी सेकंडहँड घेतला. तेव्हापासून एप्रिलपर्यंत, पाऊस आणि मुलीचा क्लास या दोन्हींतून जमेल त्या रविवारी, तो घेऊन शेतात गेलो. आम्ही राहतो इंग्लंडमध्ये, सफक परगण्यात. शेत घरापासून वीस मिनिटांवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं आहे. त्याची लेखी परवानगी आहे, आणि जे सापडेल त्यात निम्मं त्याचं. मी सांगलीकडच्या शेतकरी घरातला. पेरलेल्यात पाय घालायचा नाही, फाटक उघडलं तर लावून घ्यायचं, खणलेला खड्डा बुजवायचा, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आठ महिने परवानगी टिकली ती एवढ्यावरच.

यंत्रासोबत ११ इंची कॉइल येते, म्हणजे दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची थाळी. ६ इंची आणि १५ बाय १२ इंची वेगळ्या घ्याव्या लागतात. मी पहिल्याच महिन्यात मोठी घेतली, आणि इथेच फसलो. दोष मात्र हॉक्सनचा. हे गाव आमच्याच परगण्यातलं. १९९२ च्या नोव्हेंबरात एरिक लॉज नावाचा निवृत्त माणूस शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधायला डिटेक्टर घेऊन गेला, आणि त्याला रोमन काळातला साठा लागला. जवळपास पंधरा हजार नाणी, वर दागिने आणि चमचे. त्याने सगळं उपसून घरी नेलं नाही, लगेच कळवलं, म्हणून पुरातत्त्ववाल्यांना ते जसंच्या तसं उचलता आलं. हातोडीही सापडली, आणि तीही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे! हे वाचल्यावर डोक्यात एकच येतं, खोल जायला हवं, मोठी कॉइल हवी.

पण हॉक्सनचा साठा म्हणजे पेटीभर धातू. माझ्या नशिबी येणार होतं ते सुटं नाणं. इथल्या नांगरटीच्या शेतात मिळतात त्या मध्ययुगीन चांदीच्या पेन्या, हातोड्याने ठोकून पाडलेल्या. व्यास जेमतेम १८ मिलिमीटर, वजन दीड ग्रॅमच्याही आत, जाडी नखाएवढी. त्यातही पुष्कळदा अर्धी किंवा पाव पेनीच मिळते. १२७९-८० मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने गोल अर्धी आणि पाव पेनी नियमित पाडायला सुरुवात केली, तोवर लोक सुट्ट्यासाठी पेनीच कापायचे. पिझ्झ्याच्या तुकड्यासारखी ती पाव पेनी तळहातावर घेतली तर वाऱ्याने उडेल.

कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत त्यामुळे भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, आणि त्यांचा उलट येणारा क्षीण प्रतिसाद यंत्र ऐकतं. कॉइल मोठी तितकं क्षेत्र खोल जातं, हे खरं. पण ते पसरतंही. मोठ्या कॉइलखाली एका वेळी चार खिळे, एक घोड्याच्या नालेचा तुकडा आणि ढीगभर माती असते. त्यातल्या पाव पेनीचा आवाज म्हणजे लग्नाच्या बँडशेजारी मोबाइलची रिंग. सप्टेंबर-ऑक्टोबरात मी मोठ्या कॉइलने नाल, नांगराचे बोल्ट आणि एक अख्खी कुऱ्हाड काढली. नाणी चार, त्यातली तीन विसाव्या शतकातली. खांदा दुखायला लागला तो वेगळाच. शिवाय गहू कापल्यावरची धसकटं इतकी ताठ असतात की मोठी कॉइल त्यांच्यावरच तरंगते, म्हणजे जी खोली मिळवायला पैसे मोजले ती हवेतच संपते.

नोव्हेंबरात ६ इंची लावली. शेताच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे जुनं घर असावं असं वाटतं, तिथे पावलागणिक खिळा आहे. ११ इंचीने त्या तुकड्यात नुसती कुरकूर ऐकू यायची. ६ इंचीने पहिल्याच दुपारी दोन कापलेल्या अर्ध्या पेन्या आणि एक शिशाचं वजन दिलं. तोच तुकडा मी आधी तीनदा चाललो होतो. या कॉइल डबल-डी पद्धतीच्या आहेत. आत इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर चढवलेली असतात, आणि खरा कान मधल्या उभ्या पट्टीला असतो. लहान कॉइलमध्ये ही पट्टी आखूड होते, म्हणून खिळा आणि नाणं वेगळे ऐकू येतात. तोटा उघड आहे. खोली कमी, आणि दर फेरीत जमीन कमी व्यापली जाते. मोकळं सपाट शेत ६ इंचीने चालायचं म्हणजे चमच्याने विहीर उपसायची. तिथे मी ११ इंचीच लावतो. पण नांगरटीत नाणी दरवर्षी वर-खाली होतात. आज जे दहा इंचांवर आहे ते पुढच्या वर्षी चारवर येऊ शकतं, एवढी कळ काढता येते.

आता सेटिंग. सगळ्यात मोठा फरक पडला तो सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राच्या कानाची तीक्ष्णता, खाली आणल्याने. ती २५ पर्यंत जाते, कारखान्यातून २० वर येते. नव्या माणसाचा हात आपोआप २५ कडे जातो, माझाही गेला. शेताच्या एका अंगाने विजेच्या तारा आहेत, तिथे यंत्र सारखं बडबडत होतं. १७ वर आणलं आणि शांत झालं. शांत यंत्राचा हलका आवाज कानाला कळतो, बडबड्या यंत्राचा खणखणीतही निसटतो. आधी नॉइज कॅन्सल करून घ्यायचं, म्हणजे आजूबाजूचा विजेचा गोंगाट टाळायचा, आणि खिशातला मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकायचा, हे दोन्ही मी डिसेंबरपर्यंत विसरत होतो.

मोड, म्हणजे जागेप्रमाणे तयार सेटिंग, म्हणाल तर पार्क, फील्ड, बीच आणि गोल्ड. लहान चांदीसाठी मी फील्ड २ वर स्थिरावलो. मोठी, जाड चांदी आणि तांबं कमी फ्रिक्वेन्सीला चांगला प्रतिसाद देतात, बारीक पातळ वस्तू जास्तीला. हे यंत्र एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं, त्यामुळे ५ की १५ की ४० किलोहर्ट्झ असा घोळ घालत बसावं लागत नाही. मी सिंगल फ्रिक्वेन्सी फक्त तारांजवळ वापरली. रिकव्हरी स्पीड, म्हणजे एका आवाजानंतर यंत्र पुढच्यासाठी किती लवकर तयार होतं ते, खिळ्यांच्या तुकड्यात ७, मोकळ्यावर ५. वाढवला की लागून असलेले दोन आवाज सुटे होतात, पण खोली थोडी जाते. आयर्न बायस, म्हणजे शंकास्पद आवाज लोखंडाचा धरण्याकडे यंत्राचा कल, कमी ठेवला. जास्त ठेवला तर खिळ्याशेजारची पेनी लोखंड म्हणून गप्प केली जाते. कमी ठेवल्याने वाकडे खिळे अधूनमधून चांदीचा आव आणून फसवतात. त्यावर माझा उपाय म्हणजे नव्वद अंशांत वळून पुन्हा फिरवणं. खिळा एका बाजूने गोड बोलतो, दुसऱ्या बाजूने फाटतो. नाणं बहुतेक दोन्हीकडून तेच सांगतं.

पडद्यावरच्या आकड्यांवर फार भरवसा ठेवू नका. धातू कोणता असावा हे सुचवायला यंत्र उणे ९ ते ४० असा आकडा देतं. माझ्या वहीत अर्ध्या पेन्या एकेरी आकड्यांत आहेत, अख्खी पेनी पंधराच्या मागे-पुढे. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागदही एकेरीतच येतो. म्हणजे कचरा नको म्हणून खालचे आकडे बंद केले की कापलेली चांदीही बंद. शेतात मी सगळं खणतो. याला अपवाद एकच शेत, जिथे पालिकेच्या हिरव्या कचऱ्याचं खत टाकलंय. त्यात ॲल्युमिनियमचे इतके तुकडे आहेत की तासाभरात मी घरी आलो.

यंत्राबद्दल तक्रार म्हणून जे लिहिणार होतो ते बहुतेक माझंच निघालं. जानेवारीत दर चार पावलांना खोटे आवाज यायला लागले. दोन आठवडे सेटिंग बदलत बसलो. शेवटी कळलं की कॉइलच्या खालच्या प्लास्टिक कव्हरात ओली माती साचली होती आणि वायर दांड्याला सैल गुंडाळलेली होती. कव्हर धुतलं, वायर घट्ट बांधली, संपलं.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास येणारा प्रश्न म्हणजे "गावाकडं घेऊन ये की, आपल्या माळावर बघू." नाही आणणार. इंग्लंडमध्येही संरक्षित स्मारकावर हे चालत नाही, आणि तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन नाणी एकत्र सापडली तर १४ दिवसांत कळवावं लागतं. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. पुन्हा तेच, साठ्याची किंमत तो कुठे आणि कसा होता यात असते. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यातल्या बऱ्याचशांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता. कुणी कुणाला हरवलं ते त्या एका साठ्याने सांगितलं. ती नाणी चार जणांनी वाटून घेतली असती तर मोडीत गेली असती.

आठ महिन्यांचा हिशेब: ठोकलेली चांदी अकरा तुकडे, त्यातले आठ ६ इंचीने. सगळे या भागातल्या फाइंड्स ऑफिसरकडे, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवले. शेतकऱ्याने त्याच्या वाट्यातला एकच तुकडा ठेवला, राजा तिसऱ्या हेन्रीच्या काळातली अर्धी पेनी, नातवासाठी. बॅटरी दिवसभर पुरते, यंत्र पावसात भिजलं तरी चालतं.

गहू आता घोट्याच्या वर आलाय, त्यामुळे ऑगस्टपर्यंत सुट्टी. १५ इंची कॉइल विकायला काढली आहे. दोन महिनेच वापरलेली, कव्हर धुतलेलं.