तीन लाल भिंतींसोबत काही महिने: विटकरी, शेंदरी की डाळिंबी?

शेडकार्डवर हे तिन्ही लाल एकाच पट्टीवर होते आणि जरा लांबून पाहिलं तर सख्खी भावंडं वाटावीत इतके जवळचे. एक विटकरीकडे झुकणारा, एक शेंदरीकडे, एक डाळिंबीकडे. बसायच्या खोलीच्या तीन भिंतींना मी मुद्दाम तिन्ही लावून घेतले आणि खिडकीची भिंत पांढरी ठेवली. कंपनी एक, रंगारी एक, फिनिशही एकच, मंद चकाकीचं एगशेल. आता बरेच महिने त्यांच्यासोबत राहून झालंय आणि माझं मत पक्कं आहे: रोजच्या वावराच्या खोलीला विटकरी लालच घ्या. बाकी दोन वाईट नाहीत, पण त्यांच्या अटी आहेत.

सगळ्यात मोठा फरक डब्यातच असतो. टिंटिंग मशीनने कुठला रंग किती टाकला ते डब्यावरच्या स्टिकरवर असतं, ते समजून घ्या. माझ्या विटकरीत मुख्य घटक होता रेड ऑक्साइड, म्हणजे लोहाचं ऑक्साइड. गेरूला लाली येते तीसुद्धा त्याचीच. हे रंगद्रव्य अपारदर्शक असतं आणि उन्हाला दाद देत नाही. शेंदरी आणि डाळिंबीत सेंद्रिय लाल रंगद्रव्यं होती. ती जास्त तेजस्वी दिसतात, पण त्यांतली बरीचशी पारदर्शक असतात. त्यात गडद रंगांच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात मशीन ही रंगद्रव्यं मिसळते त्या मूळ रंगात, पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ नसतंच, नाहीतर लालाचा गुलाबी होईल. म्हणजे खालची भिंत झाकायचं सगळं काम रंगद्रव्यावर येऊन पडतं.

त्यामुळे विटकरी दोन हातांत बसला. डाळिंबीखाली मी राखाडी प्रायमर मारून घेतला होता, तिथेही फार ओढाताण झाली नाही. शेंदरीखाली तुलनेसाठी नेहमीचा पांढरा प्रायमर ठेवला, आणि तिथे रोलर जिथे जिथे हलका फिरला तिथे खालचा पांढरा डोकावत राहिला. हातावर हात मारूनसुद्धा दुपारच्या तिरक्या उजेडात कोपऱ्यांत ब्रशचा पट्टा आणि रोलरचा पट्टा अजून वेगळे ओळखू येतात. गडद लालाखाली राखाडी प्रायमर ही रंगाऱ्याची हौस नाही, त्याशिवाय काम सुरूच करू देऊ नका. आणि ओला रंग फिकट, दुधट दिसतो म्हणून घाबरू नका. इमल्शन वाळलं की गडद होतं. खरी छटा दुसऱ्या दिवशी बघायची.

आता उजेड. तिन्ही छटांचा एलआरव्ही, म्हणजे भिंत किती उजेड परत फेकते तो 0 ते 100 मधला आकडा, 10 च्या आसपास आहे. नव्वद टक्के उजेड भिंत गिळते. खोलीत आधी पुरणारा दिवा आता पुरत नाही, हे गृहीतच धरा. पण आकडा सारखा असूनही तिघांचं वागणं वेगळं. भर दुपारी शेंदरी अक्षरशः अंगावर येतो. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर लाली टाकतात, त्यामुळे तो शेडकार्डपेक्षा बराच भडक भासतो. छतावर गुलाबी झाक उतरते. बराच वेळ त्या भिंतीकडे बघून पांढऱ्या दाराकडे नजर वळवली तर दार क्षणभर हिरवट दिसतं, कारण लाल बघून बघून डोळा थकलेला असतो.

संध्याकाळी दिवे लावायच्या आधीची वेळ मात्र डाळिंबीला जड जाते. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल सगळ्यात आधी काळवंडलेला दिसतो आणि निळा टिकून राहतो. 19व्या शतकात पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने ही गोष्ट नोंदवली, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. माझी डाळिंबी भिंत त्या वेळी चक्क काळपट जांभळी होते. दिवा लागला की तीच भिंत तिघींत सगळ्यात देखणी दिसते, पण दिवा योग्य असेल तरच. एलईडीच्या खोक्यावरचा सीआरआय आकडा, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप, फिकट रंगांच्या आठ नमुन्यांच्या सरासरीवर काढतात. गडद लालासाठी आर9 हा आकडा वेगळा असतो आणि साध्या बल्बांत तो अगदी कमी असू शकतो. आधीच्या 6500 केल्विनच्या पांढऱ्याफटक बल्बाखाली माझा डाळिंबी मेलेला दिसायचा. 2700 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, आर9 चांगला असलेला बल्ब लावला आणि भिंत उजळून निघाली. रंग बदलायच्या आधी बल्ब बदलून बघा, असं मी प्रत्येकाला सांगते.

वापराने काय झालं? डाळिंबीला खुर्चीची पाठ जिथे घासते तिथे तळहाताएवढा चकाकता डाग पडलाय. तो पुसून जात नाही, कारण तो मळ नाही, घासून पृष्ठभागच गुळगुळीत झालाय. नख लागलं की गडद भिंतीवर पांढरट रेघ उमटते, ती तिन्हीकडे दिसते, विटकरीवर सगळ्यात कमी. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसलं तर शेंदरी आणि डाळिंबी अजूनही फडक्यावर गुलाबी रंग सोडतात. विटकरी सोडत नाही. इमल्शन तासाभरात हाताला सुकं लागलं तरी पूर्ण घट्ट व्हायला महिनाभर लागतो, तोवर भिंत धुवायची नाहीच.

उन्हाचं म्हणाल तर शेंदरी भिंतीवरची तसबीर परवा काढली. जिथे थेट ऊन येतं त्या बाजूला तसबिरीमागचा चौकोन बाहेरच्यापेक्षा किंचित तेजस्वी होता. फरक बारीक आहे, पण बोट ठेवून दाखवता येतो.

कोणाला शेंदरीच हवा असेल तर ऊन न येणाऱ्या, थोडा वेळ वापरायच्या जागी लावा, उदाहरणार्थ पॅसेज. डाळिंबी रात्री वापरायच्या खोलीला शोभतो. नमुना मात्र थेट भिंतीवर छोटा ठिपका मारून बघू नका. मोठ्या बोर्डवर दोन हात मारा आणि तो बोर्ड भिंतीभिंतीवर, सकाळ-दुपार-रात्र फिरवा. एकापेक्षा जास्त डबे लागणार असतील तर सगळे एका बादलीत एकत्र करून घ्या, दोन डब्यांची छटा तंतोतंत जुळेलच असं नाही.

माझी शेंदरी भिंत आता विटकरी होणार आहे. हलकं घासून घेतलं की लालावर लाल सहज बसेल, प्रायमरची गरज नाही. डाळिंबी तशीच राहील, फक्त खुर्ची भिंतीपासून वीतभर पुढे ओढलीय.