बेलापूर-पेंधर मेट्रो: गाडीला चार तारे, बांधायला लागलेल्या वेळेला एक

नवी मुंबईत तळोज्याला फ्लॅट बघायला येणारे लोक सोसायटीच्या गेटवर उभे राहून पहिला प्रश्न हाच विचारतात: "मेट्रो धड चालते ना?" चालते. मी तळोजा फेज १ मध्ये राहते, पेठाली-तळोजा स्टेशनवरून चढते आणि बेलापूरला ऑफिसला जाते. तीन डब्यांची एसी गाडी, डबे स्वच्छ, घोषणा नीट ऐकू येणाऱ्या. बेलापूर टर्मिनलला उतरलं की हार्बरची लोकल हाताशी. अकरा स्टेशनं, ११.१ किलोमीटर. पावसाळ्यात खारघरच्या बाजूला जाल तेव्हा डोंगराकडची खिडकी पकडा.

तिकीट आता परवडतं. सुरुवातीला या टोकापासून त्या टोकापर्यंत ४० रुपये होते, तेव्हा तळोज्यातले निम्मे लोक नाक मुरडत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये दर उतरवले, आता कमाल तिकीट ३० रुपये. मेट्रो येण्याआधी खारघर स्टेशनवरून शेअर रिक्षा. सीट भरल्याशिवाय हलणार नाही, आणि भरली म्हणजे किती भरली हे ड्रायव्हर ठरवणार. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना मेट्रोतला थंड वारा काय चीज आहे ते सांगावं लागत नाही.

पाचवा तारा मी गाड्यांमधल्या अंतरासाठी कापलाय. चालू झाली तेव्हा १५ मिनिटांनी एक गाडी होती. गर्दीच्या वेळी ते अंतर १० मिनिटांवर आलं, तरी डोळ्यासमोर दार बंद झालं की पुढची हार्बर लोकलही हातची जाते. मार्ग इतका छोटा की प्रवासापेक्षा थांबणंच जास्त वाटतं.

आता एका ताऱ्याचं. इथे माझी जुनी नोकरी मधे येते. बरीच वर्षं मी पुलांच्या साइटवर क्वालिटी कंट्रोलला होते. म्हणजे काँक्रीटचे क्यूब फोडायचं काम. मिक्सर आला की स्लंप, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे ते, बघायचा, पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरायचे, पाण्यात ठेवायचे, सात दिवसांनी काही फोडायचे, अठ्ठावीस दिवसांनी उरलेले. एम ५० ग्रेडचा ठोकळा मशीनमध्ये घातला की सव्वाअकराशे किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे जवळजवळ ११५ टन, त्याने तग धरायला हवा. फुटताना बंदुकीसारखा आवाज होतो. या मेट्रोवर मी काम केलेलं नाही, पण असा मार्ग कसा उभा राहतो ते हातांना माहीत आहे. म्हणूनच राग येतो.

उन्नत मार्गाचं काम दिसतं अवघड, असतं पाठ झालेलं. आधी मातीची तपासणी आणि खाली काय गाडलंय त्याचा शोध: पाण्याची लाइन, गॅस, केबल. नकाशात एक, जमिनीत भलतंच, म्हणून हाताने खड्डे खणून बघायचं. मग खोदायचं यंत्र, म्हणजे रिग, येते, पाइलचं (जमिनीखालच्या खांबाचं) भोक पाडते, त्यात सळ्यांचा पिंजरा सोडतात आणि ट्रेमी पाइप तळापर्यंत नेऊन काँक्रीट खालून वर भरत आणतात. वरून ओतलं तर चिखल आत अडकतो. त्यावर पाइल कॅप, मग पिअर म्हणजे वर दिसणारा खांब, मग पिअर कॅप. रस्त्याने जाणाऱ्याला हेच दोन-तीन वर्षं दिसतं, पत्र्यांच्या आड.

खरी गंमत पुलाचे तुकडे ओततात त्या कास्टिंग यार्डात असते आणि ती कुणाला दिसत नाही. पोकळ पेटीसारखा सेगमेंट असतो, तीनेक मीटर लांबीचा. पहिला झाला की दुसरा त्याला टेकवूनच ओततात, तिसरा दुसऱ्याला टेकवून. मधे फक्त बाँड सुटायचं रसायन. त्यामुळे प्रत्येक तुकड्याचं तोंड त्याच्या शेजाऱ्याशी जुळतं आणि जगात दुसऱ्या कुणाशीच जुळत नाही. नंबर चुकला तर तो तुकडा कुठेच बसणार नाही, म्हणून आमचा यार्डातला मुकादम रंगाचा डबा कायम स्वतःच्या हातात ठेवायचा. नंबर टाकायला दुसऱ्याला देत नसे.

मग लाँचिंग गर्डर, म्हणजे तुकडे उचलून धरणारी, खांबांवरून पुढे सरकणारी लोखंडी तुळई. दोन खांबांच्या मध्ये सगळे सेगमेंट टांगायचे, दोन्ही तोंडांना इपॉक्सी, म्हणजे एक प्रकारचा गोंद, लावायचं आणि ते आळायच्या आत तात्पुरते रॉड आवळून तुकडे एकमेकांना चिकटवायचे. त्यानंतर आतून केबल ओवून जॅकने ताणायच्या. ताणताना केबल किती मिलिमीटर लांबली ते मोजायचं. हिशोबात बसली नाही तर सगळे तिथेच थांबतात, साहेबसुद्धा. सवय झालेली टोळी असेल तर दोन खांबांमधला पंचवीस-तीस मीटरचा एक गाळा तीन-चार दिवसांत उभा राहतो. एका गर्डरवर, पावसाळा आणि खाडे धरूनही, वर्षाला दीड-दोन किलोमीटर अगदी आरामात. दोन-तीन गर्डर लावा आणि ११ किलोमीटरला किती लागतील ते तुम्हीच काढा.

लागली किती? पायाभरणी १ मे २०११ ला. गाडी १७ नोव्हेंबर २०२३ ला, तीही औपचारिक उद्घाटनाशिवाय.

साडेबारा वर्षं! आणि कुठे, तर खारघरमध्ये. इथले रस्ते ही मेट्रो बांधणाऱ्या सिडकोनेच आखलेले, रुंद, मधे दुभाजकाची जागा, आजूबाजूची जमीनही बहुतेक त्यांचीच. सायन-पनवेल महामार्ग ओलांडायचा तेवढा एक कठीण तुकडा, तिथे रात्रीचे ब्लॉक घेऊन काम करावं लागतं. याच्याशी मुंबईची वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ताडून बघा. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, म्हणजे जवळपास तेवढंच माप. अंधेरीच्या गल्ल्यांच्या डोक्यावरून, पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून, द्रुतगती महामार्गावर केबलचा पूल टाकून. फेब्रुवारी २००८ मध्ये काम सुरू, ८ जून २०१४ ला गाडी. त्याही वेळी लोक "किती उशीर" म्हणून ओरडत होते.

मुंबईचीच आरे ते कफ परेड मेट्रो ३ तर आणखी लाजवते. ३३.५ किलोमीटर, जवळजवळ सगळी जमिनीखाली. भुयार खोदणारी १७ यंत्रं (टीबीएम) उतरवली, स्टेशनं वरून खणून. जिथे वरून खणायला जागा नव्हती तिथे नियंत्रित स्फोट करत, लगेच शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्याने काँक्रीट, मारत पुढे सरकायचं. गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या चाळींना भेग पडू नये म्हणून भिंतींवर मोजमापाची यंत्रं. ठेके २०१६ मध्ये दिले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंतची पूर्ण लाइन चालू. उंदरासारखं पोखरत गेलेल्या मार्गाला साधारण नऊ वर्षं, आणि मोकळ्या रस्त्यावर खांब उभे करायला साडेबारा.

मग वेळ गेला कुठे? काँक्रीटमध्ये नाही. क्यूब अठ्ठावीस दिवसांनी फुटतो, त्याला तारीख कळते. वेळ गेला स्टेशनांच्या कामात, जिथे ठेकेदार मध्येच बदलावे लागले. ठेकेदार बदलला म्हणजे नवीन निविदा, जुन्या कामाची मोजणी, अर्धवट बांधकामाची जबाबदारी कुणाची यावर भांडण. या काळात सळ्या उघड्यावर गंजत असतात, आणि नवा ठेकेदार आला की पहिल्या महिन्यात नुसतं त्या घासतो. हे मी माझ्या एका जुन्या साइटवर पाहिलंय. तिथे मालकही वेगळा आणि पूलही वेगळा, पण सळी तशीच लाल. शिवाय सिडकोने, शहर वसवणाऱ्या संस्थेने, पहिल्यांदाच मेट्रो बांधायला घेतलेली. गाडी चालवायला शेवटी महामेट्रोलाच बोलावलं, ज्यांनी नागपुरात २०१५ च्या सुमारास काम सुरू करून मार्च २०१९ ला पहिला टप्पा चालवून दाखवला होता. आधीच बोलावलं असतं तर, असं वाटतं. पण २०११ मध्ये ती कंपनी आजच्या रूपात नव्हतीच, तेव्हा हा आरोप मागे घेते.

एक गोष्ट मात्र मागे घेणार नाही. पेंधर ते सेंट्रल पार्क या टप्प्यावर आरडीएसओच्या, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या, चाचण्या २०२१ मध्येच झाल्या होत्या. या चाचणीत माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या डब्यात भरतात, वेगवेगळ्या वेगाने पळवतात, कचकन ब्रेक मारून बघतात. त्यानंतर मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. ही कामं घाईने करू नयेत, मीच पहिली म्हणेन. पण त्या पाच किलोमीटरवर गाडी तयार असताना तळोज्याचे लोक आणखी दोन वर्षं रिक्षाच्या रांगेत. पूर्ण मार्ग एकदमच सुरू करायचा, हा निर्णय इंजिनिअरचा वाटत नाही.

माझी नणंद ठाण्यात कासारवडवलीला राहते. परवा फोनवर म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे गाडी पळवून बघितली, आता होईलच ना?" तिला मी ताडकन हो म्हटलं नाही. तिच्या दारातल्या मेट्रो ४ चं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मधलं, गायमुख ते विजय गार्डन या तुकड्यावर चाचणी सप्टेंबर २०२५ मध्ये. घोडबंदर रोडच्या पत्र्यांमधून ती इतकी वर्षं स्कूटी काढतेय. वर मोघरपाड्याच्या डेपोच्या जमिनीचा घोळ. डेपो नसेल तर गाडी रात्री ठेवणार कुठे, धुणार कुठे, चाकं बघणार कुठे? लोक खांब मोजतात, डेपो कुणी विचारत नाही.

आणि आता ठाण्याची रिंग मेट्रो. २९ किलोमीटर, २२ स्टेशनं, त्यातला ३ किलोमीटर भाग भुयारी, १२,२०० कोटी रुपये. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, लक्ष्य २०२९ चं. ठाण्यातल्या बिल्डरांच्या ब्रोशरवर हे साल आत्ताच छापलं जाईल. नणंदेच्या मुलाला वागळे इस्टेटच्या बाजूला फ्लॅट घ्यायचाय, त्याला मी सांगितलंय की ब्रोशर बाजूला ठेव. डेपोची जमीन ताब्यात आली का, स्टेशनांचा ठेका कुणाला गेला आणि तो टिकलाय का, डबे आणि सिग्नलिंगची ऑर्डर निघाली का, एवढं विचार. खांब उभे दिसले म्हणून चौरस फुटामागे जास्तीचे पैसे मोजू नकोस. रिंग आली नाही तरी ऑफिसला वेळेवर पोचशील अशी बस दारातून जात असेल, तर टोकन दे.