सावंतवाडीचं फणसाच्या लाकडाचं ताट, कडेला साल तशीच

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं, खेळणी सगळेच घेतात, पण मी तिथल्या एका कारागिराकडून फणसाच्या लाकडाचं साधारण १२ इंची ताट ऑर्डर देऊन करून घेतलं, कडेला झाडाची साल तशीच ठेवलेलं, आणि खरं सांगते एक नंबर काम आहे. असं ताट लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवत हत्याराने कोरायच्या यंत्रावर, काढणं सोपं नसतं हो, लाकूड पूर्ण गोल नसतं त्यामुळे फिरताना कडेशी हत्यार क्षणात लाकडाला लागतं, क्षणात नुसतं हवेत, जरा जोर जास्त झाला की साल उडालीच म्हणून समजा. म्हणून धार कडक लागते आणि कड आधी पूर्ण करून मग आत यायचं, मधलं लाकूड आधी काढलं तर कड थरथरते. माझ्या ताटाची कड सगळीकडे सारख्या जाडीची आहे, बोट फिरवलं तरी कुठे खरखर नाही. गाभा हळदीसारखा पिवळा आणि सालीलगत फिकट पट्टा, काय दिसतं! पुढे हा पिवळा तपकिरी होत जातो, फणसाचं तसंच असतं, घाबरू नका.

सुकामेवा, फळं, भाकरी यासाठी मस्त. रस्सा नको, भिजत तर अजिबात घालू नका, ओल्या फडक्याने पुसायचं, अधूनमधून फूड ग्रेड मिनरल ऑइलचा (खाण्याच्या भांड्यांना चालणारं तेल) हात द्यायचा. किंमत जास्त वाटेल पण मेहनत बघता योग्य आहे. फक्त तळाची बैठक थोडी रुंद हवी होती, एका बाजूला जास्त वजन पडलं की कलतं, ऑर्डर देताना आधीच सांगा.