‘मामांची गाडी’ आणि आमचे पंचवीस हजार

नाशिकहून मोटरहोम घेऊन कोकण किनाऱ्याला जायचं खूळ सध्या बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. जरूर जा, पण गाडी भाड्याने कोणाकडून घेताय ते आधी बघा. ॲडव्हान्स घेऊन फोन बंद करणाऱ्यांपासून हल्ली सगळेच सावध असतात. आमचा माणूस त्यातला नव्हता. गाडी ठरल्या वेळी मिळाली, चाललीही. हा डिपॉझिट खातो ते गाडी परत घेताना, आणि त्याची तजवीज चावी हातात द्यायच्या आधीच करून ठेवतो.

पाथर्डी फाट्याजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर गाडी बघितली. टेम्पो ट्रॅव्हलरचीच आतून मोटरहोम केलेली, दोन पलंग, सिंक, छोटा फ्रिज, मागे केमिकल टॉयलेट. भाडं दिवसाला ६,५०० रुपये, डिपॉझिट २५,०००. नंबरप्लेट पांढरी. विचारल्यावर म्हणाला, “काका, घरचीच गाडी आहे, म्हणून तर या रेटला देतो. रस्त्यात कोणी हटकलं तर मामांची गाडी आहे म्हणायचं, विषय संपला.”

मग बोलता बोलता दोन गोष्टी करून घेतल्या. यूपीआयने पैसे पाठवताना शेऱ्यात ‘हातउसने परत’ लिहायला सांगितलं (“भाडं लिहिलं की उगाच टॅक्सची भानगड”), आणि खातं निघालं कोणा बाईंच्या नावाचं. वर स्टॅम्प पेपरवर एक करारनामा: ओळखीखातर, विनामोबदला गाडी वापरायला देत आहे, नुकसान झाल्यास भरपाई घेणाऱ्याची. बाकी सगळं बोलणं फोनवर. मेसेजचं उत्तर हा मेसेजने कधीच देत नाही, लगेच कॉल करतो.

सहल मात्र झकास झाली. आगरदांड्याला जंगल जेट्टीवर (गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीवर) गाडी चढवून दिघीला उतरलो. दिवेआगरला एका वाडीत रीतसर पैसे देऊन गाडी लावली; पाणी भरायची आणि टॉयलेट रिकामं करायची सोय आधी विचारून घेतली होती. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीची वेळ गावात विचारून केली. ती वाट पायऱ्या उतरून थेट समुद्रालगतच्या खडकांवर जाते. भरतीला तिकडे फिरकायचं नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर नाहीच. पुढे बागमांडल्याहून खाडी ओलांडून वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, कड्यावरचा गणपती. या भागात पायी हिंडण्यासारखं इतकं आहे की गाडी फक्त झोपायला लागते.

दिवेआगरलाच रात्री नऊच्या सुमारास आतले दिवे मंदावले आणि पंखा थांबला. पलंगाखालची फळी उचलून बघितलं, तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पुटं चढलेली, एक वायर चिकटपट्टीने गुंडाळलेली. असली पुटं एका रात्रीत चढत नाहीत. त्याला फोन केला. “गाडी अर्धा तास चालू ठेवा, होते चार्ज.” मुलीने मोबाइलवर फोटो काढून ठेवले, तेच आज कामाला येत आहेत.

परत आलो तर प्लॉटवर त्याच्यासोबत एक ‘मिस्त्री’ हजर. खालून टॉर्च मारून बघण्याचा देखावा झाला, आणि हिशेब हातात पडला: बॅटरी बसली, १४,००० रुपये, बाजूची कापडी छत्री फाटली, ८,०००, खाऱ्या पाण्यात गाडी घातल्याने खालून गंज, ६,०००. म्हणजे २८,०००. डिपॉझिट जाऊन वर ३,००० रुपये आम्हीच देणं लागतो! गाडी पुळणीवर नेलीच नव्हती. तिथे चाकं रुततात आणि भरती आली की गाडीची होडी होते, एवढी अक्कल आम्हाला आहे. छत्री तर वाऱ्यामुळे एकदाही उघडली नव्हती.

आवाज चढवला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “भाडं कसलं काका? मी कुठे भाडं घेतलं? कागद बघा की.”

पोलीस ठाण्यात कागद वाचून सांगितलं, हा दिवाणी मामला.

आता त्या पांढऱ्या पाटीबद्दल. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ड्रायव्हरसकट मिळणाऱ्या टुरिस्ट गाडीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, आणि खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने दिलेला वापर बसत नाही. कसारा घाटात काही झालं असतं तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनीने नाकारला असता, आणि करारनाम्याप्रमाणे भरपाई आमच्या गळ्यात. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडी खासगी की व्यावसायिक, विमा कधीपर्यंत, सगळं दिसतं. मालकाचं नाव अर्धंमुर्धं झाकलेलं असतं, पण ताडून बघण्यापुरतं पुरतं. आमच्या गाडीच्या मालकाचं नाव ना त्याच्याशी जुळत होतं, ना त्या बाईंशी. मामा तरी खरेच असतील म्हणा! राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन (म्हणजे असल्याच राहायच्या गाड्या) पर्यटनाचं धोरण आणलं. त्याखाली नोंदणी आहे का, एवढं विचारलं तरी असले लोक विषय बदलतात.

त्याची एक चूक मात्र आमच्या पथ्यावर पडली. अगदी पहिल्यांदा त्याने दरपत्रकाचं चित्र पाठवलं होतं, त्यात रोजचं भाडं आणि डिपॉझिट स्वच्छ छापलेलं. ‘विनामोबदला’ला तेवढं उत्तर आहे. ते चित्र, बॅटरीचे फोटो आणि बँकेचा उतारा जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवली, तिथून काही हललं नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात दाखल केली आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागतोच असंही नाही. खासगी गाडी भाड्याने फिरते याचा अर्ज आरटीओत वेगळा दिला आहे.

पाथर्डी फाट्याच्या याच गाडीत आणखी कोणाचं डिपॉझिट अडकलं असेल, तर दरपत्रक आणि कॉलची नोंद पुसू नका. एकाच माणसाविरुद्ध अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते.