कडी-कोयंड्यांच्या फोटोंसाठी कॅनन ५० एमएम : कुठे चालते, कुठे अडते

जुन्या नाशकातल्या दारांच्या कड्या, आणि नुसत्या कड्याच, टिपायच्या ठरवल्या तर कॅननची ईएफ ५० एमएम एफ १.८ एसटीएम ही लेन्स घ्यावी का? विषय कडीपुरताच ठेवणार असाल तर घ्या. आख्खं दार हवं असेल तर नको.

अडचण गल्लीची आहे. तिवंधा, दहीपुलाच्या बोळांत समोरच्या भिंतीला पाठ टेकवून दारापासून दोन मीटर मिळाले, तर कॅननच्या १५००डी सारख्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स फोटोच्या लांब बाजूला ९० सेंटिमीटरच घेते. कॅमेरा उभा धरला तरी अर्धं दार. तिथे २४ एमएम एफ २.८ लेन्स बरी, तेवढ्याच अंतरावरून तिच्यात सुमारे १.८५ मीटर मावतं.

कडीवर मात्र ५० एमएम जमते. फोकस जवळात जवळ ३५ सेंटिमीटरवर होतो, पण ते सेन्सरपासून मोजायचे. काचेपासून वीतभराहून थोडं जास्त. फ्रेममध्ये साडेदहा सेंटिमीटर रुंदी येते. म्हणजे कडी, कोयंडा, भोवतीचे खिळे आणि कडी झुलून झुलून फळीवर उमटलेली अर्धगोल खाचसुद्धा. ही खाच समोरच्या उजेडात दिसतच नाही. थेट ऊन असेल तर पितळ पांढरंफटक होतं. दार सावलीत असताना गल्लीच्या तोंडाकडून तिरपा उजेड येतो, ती वेळ धरा आणि एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली, म्हणजे फोटो किंचित गडद ठेवा.

एफ १.८ ची, म्हणजे लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडं ठेवण्याची, भुरळ इथे कामाची नाही. इतक्या जवळून जेमतेम २ मिलिमीटर खोली धारदार येते आणि कडी दारापासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे लोंबत असते. छिद्र लहान करून एफ ८ ला ही खोली साधारण ८ मिलिमीटर होते, म्हणून फोकस कडीच्या पुढच्या कडेवर. लेन्सला स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरण्याची सोय, नाही. शटर १/१२५ च्या खाली नेऊ नका, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० गेला तरी जाऊ द्या.

मग कॅमेऱ्यासोबत किटमध्ये मिळणारी १८-५५ आयएस टू ही झूम लेन्स काय वाईट? खरं तर काहीच नाही. ती ५५ वर वस्तू सेन्सरवर ०.३४ पट आकारात उमटवते, ५० एमएम ०.२१ पट. शिवाय तिला स्टॅबिलायझेशन आहे. झूमची रिंग ५५ वर चिकटपट्टीने बांधली की तीस फोटो एकाच मापात येतात. ५० एमएमचा खरा फायदाही तोच, झूमच नसल्याने माप चळत नाही एवढंच. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सोय) मात्र दोन्हींवर बंद ठेवा. निळ्या-हिरव्या ऑइलपेंटच्या दारांवर तो दर फोटोत पितळाचा रंग बदलतो. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, काढून नंतर सगळ्यांना एकच केल्व्हिन (प्रकाशाच्या रंगाचं माप) लावा.

५० एमएमच्या बांधणीतली एक कमजोरी: जवळचा फोकस करताना आतली नळी पुढे येते आणि कॅमेरा बंद केला की तशीच राहते. बॅगेत दणका बसला तर फोकस बिघडतो. बंद करण्याआधी दूरच्या भिंतीवर फोकस करून ती आत घ्या. लेन्सच्या तोंडावर बसणारा ईएस-६८ हूड वेगळा विकत घ्यावा लागतो, पण दणका तो झेलतो.

खिळ्यांची डोकी भरून हवी असतील तर १२ मिलिमीटरची एक्स्टेंशन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावा; रुंदी ५ सेंटिमीटरवर येते. ट्यूब विजेचे संपर्क असलेलीच घ्या. स्वस्तातल्या साध्या ट्यूबवर अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, आणि या लेन्सवर हाताने फोकसही होत नाही, कारण तिची रिंगसुद्धा विजेवरच चालते.