ट्रिंगल, पोल की चॅनल : पडदा कशावर टांगावा?

‘ट्रिंगल’ हा शब्द इंग्रजीने फ्रेंचकडून घेतला आणि पुढे जवळजवळ विसरून टाकला. फ्रान्समध्ये पडद्याची दांडी विकत घ्यायची असेल तर दुकानात आजही हाच शब्द उच्चारला जातो. इंग्रजीत मात्र तो शब्दकोशापुरता उरला असून, छपरी पलंगाच्या पडद्याची सळई हा त्याचा मुख्य अर्थ मानला जातो. घरात जुना छपरी पलंग असलेल्या किंवा नव्या खिडक्यांना पडदे लावू पाहणाऱ्या माणसाने दांडी निवडताना हा अर्थ लक्षात ठेवावा, कारण ट्रिंगल ही दिसण्यासाठी केलेली वस्तूच नव्हे.

इंग्लंडमधल्या थंड आणि एकातून दुसरीत जाणाऱ्या खोल्यांत पलंगाभोवतीचे जाड पडदे ऊब आणि आडोसा या दोन्हींसाठी लागत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात ‘ग्रेट बेड ऑफ वेअर’ हा १५९०च्या दशकातला ओक लाकडाचा पलंग आहे. त्याची रुंदी तीन मीटरांहून अधिक भरते. असल्या पलंगांचे छत, खांब आणि झालर यांवर कारागिरीची उधळण असे, आणि पडदा पेलणारी सळई झालरीमागे लपलेली असे. तिने बारीक राहावे, कड्या सुरळीत सरकू द्याव्यात आणि कोणाच्या नजरेत येऊ नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती.

आमच्या कोकणातल्या घरी शिसवी छपरी पलंग आहे. त्याच्या चार खांबांच्या माथ्यांवर भोके आहेत आणि टोके खाली वाकवलेल्या चार लोखंडी सळया त्या भोकांत नुसत्या बसवलेल्या आहेत. एकही स्क्रू नाही. मच्छरदाणी धुवायची झाली की सळई उचलायची, नाड्या सोडायच्या आणि पुन्हा तशीच बसवायची. दोष एकच, पण मोठा आहे: पावसाळ्यात सळईला गंज चढतो आणि पांढऱ्या नाड्यांवर तांबूस डाग पडतात, जे पुढे साध्या धुण्याने जात नाहीत. म्हणून नवी सळई करून घ्यायची असेल तर समुद्राजवळच्या घरात ती स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेचीच करावी.

आता जाडीविषयी, कारण खरी फसगत इथेच होते. दांडीवर प्रत्येक फुटाला येणारे वजन तेच ठेवून लांबी दुप्पट केली, तर मधला झोल दुप्पट नव्हे, सोळापट होतो. बारा मिलिमीटरची भरीव पोलादी सळई, मीटरला दोन किलो वजनाचा पडदा घेऊन, सव्वासहा फुटांच्या पलंगावर मध्यभागी हिशेबाने सुमारे दोन सेंटीमीटर वाकते. तीच सळई तीन फुटांच्या खिडकीवर एखादा मिलिमीटर वाकते, जो डोळ्याला कळतही नाही. मच्छरदाणी किंवा पातळ मलमल असेल तर पलंगालाही बारा मिलिमीटर पुरते. जाड पडदा हवाच असेल तर सोळा मिलिमीटर घ्यावी. खांबाच्या माथ्याची भोके मोठी करण्यापेक्षा सळईची टोकेच घासून बारीक करून घ्यावीत, असे माझे मत आहे.

लाकडी किंवा जाड पोकळ धातूचा पोल हा याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. तो मिरवण्यासाठीच असतो. त्याच्या टोकांना गोंडे किंवा गोळे असतात आणि हल्लीचे आयलेटवाले, म्हणजे वरच्या काठाला कड्या बसवलेल्या भोकांचे, पडदे बहुधा पंचवीस मिलिमीटरच्या अशाच दांडीवर घातले जातात. बैठकीच्या खोलीतल्या पाच-सहा फुटांच्या खिडकीला तो शोभतो. मात्र लांबी त्याहून वाढली की मध्ये आणखी एक ब्रॅकेट द्यावा लागतो, आणि आयलेट त्या ब्रॅकेटला ओलांडून जात नाही. पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसंध सरकवायचा असेल, तर ही अडचण दुकानदार सांगेलच असे नाही.

ती अडचण चॅनलला येत नाही. ॲल्युमिनियमची चॅनल छताला किंवा भिंतीला ठिकठिकाणी स्क्रूने आवळलेली असते, पडदा ज्यांना अडकवतात ते आतले गोटे खाचेतून धावतात, त्यामुळे दहा-बारा फुटांची बाल्कनीही एकाच पडद्याने झाकता येते आणि कोपऱ्यात वळणही घेता येते. दिसायला ती काहीच नाही. तिला खोट्या छतामागे किंवा पेल्मेटमध्ये, म्हणजे पडद्याचा माथा झाकणाऱ्या पेटीत, दडवावे लागते. लपून काम करण्याच्या बाबतीत म्हणूनच पोलपेक्षा चॅनल ट्रिंगलची अधिक जवळची नातेवाईक ठरते. पण म्हणून ती पलंगाच्या छताला ठोकू नये. जुन्या शिसवी लाकडात दर हातभर अंतरावर पाडलेली भोके पुन्हा बुजत नाहीत, आणि चॅनलमधला एखादा गोटा अडकला की गादीवर उभे राहून, मान वर करून तो सोडवत बसावे लागते.

प्लॅस्टिकचे आवरण असलेली स्प्रिंगची तार स्वयंपाकघराच्या ओट्याखाली किंवा देवघराच्या कपाटाला ठीक आहे. पलंगाला ती अजिबात लावू नये, कारण तिचा ताण समोरासमोरच्या खांबांना आत ओढत राहतो आणि जुन्या पलंगाचे सांधे आधीच सैल झालेले असतात.